गफ्फार चाचाची तात

“चाचा, तुमच्या धनुष्याचा बान कुठी हरपला?”

विचारलं एकदाचं महामायानं. मागे कडुनिंबाच्या बुंध्याआड तिच्या मैत्रिणी गुलनार आणि रुख्मिणी एकमेकींची तोंडं दाबून धरून उभ्या होत्या. पैज अशी होती, की जी हा प्रश्न विचारेल तिचे बाण आठवडाभर उरलेल्या दोघींनी वेचून आणायचे. आता बाण वेचणं म्हणजे काही खाऊ नव्हे. नेम चुकला की बाण सरळ बाभुळबनात, आणि तिथे बाणांपेक्षा काटे जास्त. गेल्या वर्षीची महामाया असती तर तिनं मुकाट काटे पत्करले असते. आठवीपर्यंत हजेरीला “हजर” म्हणताना तिचा आवाज पहिल्या बाकापर्यंतसुद्धा पोचायचा नाही. पण नववीत हातात धनुष्य आलं, तालुक्याला पहिला नंबर आला, आणि पोरीची जीभ अशी सुटली की तिची आई सिंधूताई म्हणायची, “हिले बोलायले कोनं शिकवलं त्याले हुडकून आना बापा. म्हनावं, आता बंद करायचं बी शिकव.”

गफ्फार चाचा म्हणजे पिंपळगाव राजातले शेवटचे पिंजारी. कडुनिंबाच्या फांदीला त्यांनी आपलं पिंजण टांगलं होतं. चांगलं माणसाएवढं लांब, धनुष्यासारखंच, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली तात, म्हणजे बकऱ्याच्या आतड्याची वळलेली दोरी. लाकडी मोगरीनं ते तातीवर ठोका द्यायचे, टँव, टँव, आणि खालच्या कापसाचा घट्ट गोळा भुर्रकन फुलून हवेत उडायचा. चाचांच्या तोंडावर दाढी किती आणि कापूस किती, ते सांगणं कठीण.

त्यांनी मोगरी खाली ठेवली. प्रश्नाचा मनापासून विचार केल्यासारखं केलं.

“हरपला ना, बेटा. माह्या निकाहात हरपला. तुही चाची चाळीस सालापासून गादीखाली शोधून राह्यली.”

बुंध्याआडून दोन फुगे एकदम फुटले. महामाया तर हसता हसता खालीच बसली. पैज जिंकली, ते वेगळंच.

चाचा तिथे आले होते गादी भरायला, पण माणसांची नव्हे, बाणांची. ही कापसाची मोठी मजेशीर आणि मोठी वाईट गोष्ट होती. बीटी कापसाला अळी लागतच नाही, असं इतकी वर्षं दुकानदारापासून पारावरच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळे सांगत आले, आणि त्या साली गुलाबी बोंडअळी थेट बोंडातच जाऊन बसली. वरून बोंड हिरवंगार, फोडलं तर आत पिवळट, कडक, किडकी गाठ. तिला म्हणायचं कवडी. कवडी व्यापारी हातात धरीना. मग ती घराघरात पोत्यांनी पडून राहिली. बाजेखाली कवडी, देवळीत कवडी, महामायाच्या घरात तर तिच्या अभ्यासाच्या जागेवर कवडी. शेवटी शाळेत धनुष्य शिकवणाऱ्या हिंमतराव सरांनीच डोकं चालवलं. निशाणा लावायची शाळेची जुनी गवताची पाटी बाणांनी चाळणी झाली होती. सर म्हणाले, बारदानात कवडी ठासून भरू, बाण मस्त रुतेल. पण गाठींमधून बाण आरपार जायला लागले. कवडी आधी पिंजून घ्यायला हवी होती. म्हणून रविवारी सकाळी चाचा सायकलवर पिंजण बांधून, बंद पडलेल्या जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीच्या, मागे हजर.

दर रविवारी तिथे धनुष्यवाल्यांचा बाजारच भरायचा. शाळेचं बांबूचं एकच धनुष्य, ते महामायाच्या हातात. हिंमतराव सरांचं रिकर्व्ह, कॉलेजच्या काळातलं, पुढे हातभर दांडी निघालेलं. गुलनारचा मोठा भाऊ अजहर याचं कंपाउंड, नागपूरच्या एका खेळाडूनं वापरून सोडलेलं, दोन्ही टोकांना चाकं आणि मधे तारांचा गुंता. आणि जिनिंगचे वॉचमन कचरूभाऊ. ते जळगाव जामोदकडचे, सातपुड्याच्या पायथ्याचे भिल्ल. तीन रविवार ते बिडी ओढत नुसते पाहत बसले. चौथ्या रविवारी खोलीतून आपला कामठा, म्हणजे भिल्लांचं धनुष्य, घेऊन आले. बांबूचाच, आणि दोरीसुद्धा बांबूच्या सालीची. उकिडवं बसून पहिलाच बाण सोडला तो पिवळ्यात, निशाणाच्या अगदी मधल्या गोलात. मग बिडी पुन्हा पेटवली.

तेव्हापासून या चौघांचं एकमेकांशिवाय पान हलत नसे, आणि एकमेकांना चिडवल्याशिवाय बाण सुटत नसे. अजहरच्या कंपाउंडला सगळे ट्रॅक्टर म्हणत. सरांच्या दांडीला अँटेना. कचरूभाऊंचा कामठा म्हणजे काडी. महामायाच्या धनुष्याला अजून नाव पडायचं होतं, पण तिचे बाण गावभर प्रसिद्ध होते. त्यांची प्लास्टिकची पिसं झडली तेव्हा तिनं घरातल्या बियाण्याच्या रिकाम्या, बोंडाचं चित्र छापलेल्या पाकिटांतून पिसं कातरून चिकटवली होती. त्यामुळे तिचा बाण सुटला की एक टपोरं पांढरंशुभ्र बोंड गोल गोल फिरत हवेतून जायचं. तिचे वडील शंकरराव म्हणायचे, “या वर्षी आपलं तेवढंच बोंड निरोगी निंघालं.”

तर चाचा म्हणाले, “माह्या धनुष्याचं झालं. आता तुहं दाखव. कसं बोलते पाहू.”

महामायानं मोठ्या ऐटीत धनुष्य त्यांच्या हातात दिलं. दोरी चढवलेलीच होती. चाचांनी ते डाव्या हातात तोललं, बांबूवरून अंगठा फिरवला, “वा, वा, माल बढिया हाये,” म्हणाले. आणि मग त्यांच्या हातानं तेच केलं, जे तो हात चाळीस वर्षं करत आला होता. मोगरी नव्हती, म्हणून बोटांनीच दोरी छातीपर्यंत ओढली, आणि रिकामीच सोडली.

टण्ण!

काय आवाज होता! अख्खं जिनिंग घुमलं. आणि त्या आवाजाच्या पोटात एक बारीकसा, कोरडा, ‘चट्’.

धनुष्य शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी पहिली गोष्ट सांगतात ती हीच, की दोरी रिकामी सोडायची नाही. बाण असला की सगळा जोर बाण घेऊन जातो. बाण नसला की तो जोर धनुष्याच्याच अंगात शिरतो. महामायानं हे वहीत लाल पेनानं लिहिलं होतं. पाचवीच्या पोरींना दरडावून वीसदा सांगितलं होतं. चाचांनी दोरीला बोटं लावली तेव्हासुद्धा तिला ते आठवलं होतं. पण ते इतके खूश दिसत होते, आणि गुलनार–रुख्मिणी पाहत होत्या, आणि ती इतकी हसत होती, की तोंडातला शब्द तोंडातच राहिला.

खालच्या पात्याला, म्हणजे मुठीखालच्या बांबूला, वीतभर चीर गेली होती.

हिंमतराव सर पळत आले. चाचांचा चेहरा उडवलेल्या कापसासारखा पांढरा. “सर, माह्या हातानं झालं. पोरीचा काही कसूर नाही. माहा हातच मेला…” असं म्हणत ते एकदा धनुष्याकडे, एकदा स्वतःच्या हाताकडे पाहत राहिले.

सर चांगले होते. “जाऊ द्या चाचा, मुद्दाम थोडी केलं,” म्हणाले. पण त्यांनी चिरेवरून बोट फिरवलं आणि मग कुणाकडेच पाहिलं नाही. पुढच्या रविवारी बुलढाण्याला जिल्ह्याची निवड होती. पहिल्या चार जणी अमरावतीला विभागाला जाणार. बांबूच्या धनुष्याची स्पर्धा वेगळी, तिथे सरांचं रिकर्व्ह चालणार नाही, अजहरचा ट्रॅक्टर तर नाहीच नाही, आणि कचरूभाऊंचा कामठा मापात बसत नव्हता. आठ दिवसांत दुसरं धनुष्य आणायचं कुठून?

आणि महामाया, जिची जीभ साऱ्या गावात सुटलेली म्हणून नावाजलेली, ती गप्प उभी होती. “मले माहीत होतं” एवढे तीन शब्द. आले नाहीत.

“सर,” चाचा म्हणाले, “हे मी घरी नेऊ काय? शनिवारपर्यंत. पाहतो काही होते काय.”

सरांनी मान हलवली. चाचांनी अर्धवट पिंजलेली कवडी तशीच ठेवली, पिंजण आणि धनुष्य दोन्ही सायकलला बांधली, आणि सायकलवर न बसता, ती हातात धरून चालत गेले.

मग कचरूभाऊ उठले. त्यांना सुतकी तोंडं आवडत नसत.

“आज सगळ्याइनं दुसऱ्याचं मारा,” ते म्हणाले. “पोरीकडे नाही ना, मंग आपलं आपल्याजवळ कायले? दे रे तुहा ट्रॅक्टर.”

मग जी धमाल झाली ती पिंपळगावानं पाहायला हवी होती. कचरूभाऊंनी अजहरचं कंपाउंड ओढलं. ते आधी जड लागतं आणि शेवटी एकदम हलकं होतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. अर्ध्यात वजन गेलं तसे ते दचकून ओरडले, “अबे, मेलं काय हे?” आणि बाण पिवळ्यात. अजहर त्यांचा कामठा घेऊन उकिडवा बसायला गेला तर त्याची जीनची पँट बसू देईना. बसला तेव्हा बाण पाच पावलांवर कोंबडीसमोर पडला. कोंबडीनं बाणाकडे पाहिलं, मग अजहरकडे पाहिलं.

“भाईजान, ते बी हसली!” गुलनार म्हणाली.

“तू गप बे.”

सरांचं रिकर्व्ह महामायाच्या हातात आलं. जड होतं, पण तिनं हनुवटीपर्यंत ओढलं. मग कामठा. कचरूभाऊ तिच्या कानाशी म्हणाले, “त्या गोलाकडे पाहू नको. तिथं पारवा बसला हाये असं पाहा. पारवा बसला, बसला… हं.” बाण निळ्यात गेला. तिघंही ओरडले, जशी काही तिनं अमरावती जिंकली. अजहर तर म्हणाला, “माहा ट्रॅक्टर तुलेच देऊन टाकतो, अमरावतीले दहा ट्रॅक्टर घेऊन जाय!”

आणि त्या ओरड्यातच तिला रडू फुटलं.

“सर, मले माहीत होतं,” ती म्हणाली. “चाचा दोरी सोडते हे मले दिसत होतं. मी सांगतलं नाही. हसत राह्यली.”

सरांनी खिशातून रुमाल काढून दिला. बराच मळका होता. “हे मले सांगून काय फायदा? ज्याले सांगाचं त्याले सांग,” ते म्हणाले. “अन् रुमाल धुऊन देजो.”

*

सांगायला तिला बुधवार उजाडला. सोमवारी ती चाचांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि परतली. मंगळवारी दारापर्यंत. बुधवारी शाळा सुटल्यावर आईनं स्वतःच तिच्या डोक्यावर कवडीचं गाठोडं दिलं. “चाचाच्या घरी टाकून ये, दोन गाद्या भराच्या हायेत. एवढ्या कापसाचं घरात करू काय मी? लोनचं घालू?”

चाचांच्या अंगणात गाठोड्यांची रांग लागली होती. दहा वर्षांपूर्वी खामगावात पिंजायचं मशीन आलं तेव्हापासून त्यांच्याकडे कोणी फिरकत नव्हतं. दोन्ही मुलं जालन्याला गाडी चालवायला गेली होती. आता मशीनवाला कवडी घेईना, म्हणून सारा गाव चाचांच्या दारात. मुबीना चाची ओट्यावर खोळी शिवत बसली होती. “ये बेटा,” म्हणाली. “आत बसला हाये तुहा मुजरिम. चार दिवसांपासून त्या लाकडाशीच बोलून राह्यला. माह्याशी नाही बोलला एवढा जिंदगीत.”

चाचांनी धनुष्य मांडीवर घेतलं होतं. जवळ सरसाची वाटी, उग्र वासाची, आणि बिस्किटाचा एक गंजलेला डबा.

महामायानं गाठोडं खाली टाकलं आणि उभ्या उभ्याच एका दमात म्हणाली, “चाचा, दोरी रिकामी सोडली तं धनुष्य चिरते हे मले माहीत होतं तुम्ही ओढली तवा मले दिसलं बी पन मी सांगतलं नाही अन् सर आले तवा बी नाही सांगतलं अन् तुम्ही सगळं तुमच्यावर घेतलं.”

चाचांनी मान वर केली. मग म्हणाले, “श्वास घे, बेटा.”

तिनं घेतला.

“तू वरडली असती ना, तरी हा हात ऐकला नसता. माह्या बापानं याले एकच शिकवलं. तात दिसली, वाजव. रिकामीच वाजव. आमचं धनुष्य रिकामंच वाजाले बनलं, तुहं भरलेलं सुटाले. हे मलेच कळाले पाह्यजे होतं.” त्यांनी वाटीतला सरस ढवळला. “मले वाईट त्याचं नाही वाटत. यंदा सगळ्याइच्या बोंडात अळी पडली अन् त्याच कवडीवर माह्या घरी चूल दोन टाइम पेटून राह्यली. गावातून जातो तं मान वर करून जाता येत नाही. त्यात तुहं धनुष्य माह्याच हातानं… म्हनलं, अल्ला, आता हे बी?”

महामाया फतकल मारून समोर बसली. “काय करून राह्यले? मले दाखवा.”

चाचांनी डबा उघडला. आत पिवळट, काचेसारखी तातीची गुंडाळी. “माह्या बापाची. आताची नायलॉनची, ते खोटी. हे भिजवली की मऊ होते, वाळली की अशी आवळते की माय लेकराले आवळत नसन.”

चिरेत सरस भरला. भिजवलेली तात त्यांनी पात्याभोवती फिरवायला घेतली, वेढ्याला वेढा चिकटवून. दुसरं टोक महामायानं ताणून धरलं. वेढा सैल पडला की चाचा नुसतं “हं” म्हणत आणि ती मागे सरकत जाई. चीर झाकली गेली तेव्हा तिला वाटलं, झालं. पण चाचांनी धनुष्य उलटं केलं आणि वरचं पातंही बांधायला घेतलं.

“ते कुठी चिरलं?”

“चिरलं नाही. पन खालचं जड झालं ना आता. दोघं सारखे बोलले पाह्यजे.” त्यांनी नखानं खालच्या पात्यावर टिचकी मारली, मग वरच्या. “ऐक. काय म्हनते?”

तिनं कान लावला. आधी काहीच कळलं नाही. पुन्हा टिचकी. पुन्हा.

“हे ठक्क म्हनते,” ती हळूच म्हणाली, “अन् वरचं ठण म्हनते. वरचं लहान पोरीवानी हाये. खालचं सर्दी झालेलं.”

चाचांचा हात हवेतच राहिला. “मुबीना!” त्यांनी हाक मारली. “ऐकलं काय? सर्दी झालेलं म्हनते! माह्या दोन पोट्ट्याइले हे दहा साल ऐकू नाही आलं!”

“त्याइले मोबाइल ऐकू येते फक्त,” चाची बाहेरून म्हणाली.

मग वरच्या पात्याला एक वेढा, टिचकी, अजून एक वेढा, टिचकी. “सर्दी झाली काय?” “थोडी बाकी हाये.” असं करत करत दिवे लागायची वेळ झाली, आणि दोन्ही पाती एका आवाजात ठक्क म्हणाली. चाचांनी धनुष्य सावलीत टांगलं. “आता जुम्म्यापर्यंत हात लावाचा नाही. तू बी नाही, मी बी नाही. खास करून मी नाही.”

*

शनिवारी दुपारी जिनिंगच्या मागे सगळे जमले. सरांनी धनुष्याला दोरी चढवली, हळूहळू ओढून पाहिली, बांबूला कान लावला. कचरूभाऊंनी तातीच्या वेढ्यावरून बोट फिरवून “हां” म्हटलं, आणि त्यांचं “हां” म्हणजे दुसऱ्यांची दोन पानं. चाचा लांब उभे होते, हात पाठीमागे बांधून, जसे काही त्यांना कोणी बेड्या घातल्यात.

पहिला बाण जमिनीत. दुसरा जमिनीत. धनुष्य आता जड आणि थोडं आळशी झालं होतं, जुना नेम त्याला लागू होईना. चाचांची मान खाली गेली. महामायानं तिसऱ्या बाणाला हात वर घेतला, आणि टपोरं पांढरं बोंड फिरत फिरत लाल गोलात जाऊन बसलं.

“तात बोलली!” अजहर ओरडला. आणि शाळेच्या धनुष्याला नाव पडलं, तात.

संध्याकाळपर्यंत तिनं तात ओळखून घ्यायचा प्रयत्न केला. पण नवं धनुष्य एका संध्याकाळीत ओळखीचं होत नाही. झोपताना तिला ते पक्कं ठाऊक होतं.

रविवारी बुलढाण्याच्या मैदानावर तेच झालं. चिखलीच्या पोरींकडे दोन-दोन धनुष्यं, कोऱ्या टोप्या, पाण्याच्या थंड बाटल्या. महामायाच्या पहिल्या सहा बाणांतले चार खाली गेले. मग तिनं गोलाकडे पाहणं सोडलं आणि तिथे पारवा बसवला. पुढचे बाण असे गेले की शेजारच्या रांगेतल्या पोरी मान वळवून पाहू लागल्या. पण गेलेले चार गेलेच. शेवटी फळ्यावर नावं लागली. महामाया पाचवी. चौथीपेक्षा दोन गुण कमी.

सरांनी पाठीवर हात ठेवला. तिला रडायचं होतं. खरंच होतं. मैदानाच्या कडेला ती त्याच तयारीनं बसली होती. पण तेवढ्यात धाड गावच्या शाळेची एक पोरगी समोर येऊन उभी राहिली.

“हे बांधलं कुनी?” तिनं तातीच्या वेढ्यांकडे बोट दाखवलं. “मी पाहत होते. एवढे बाण मारले, हललं बी नाही. माझं बी असंच चिरलंय, सर म्हनतेत फेकून दे.”

महामायानं तिचं धनुष्य हातात घेतलं. नखानं टिचकी मारली. खालून, मग वरून.

“तुह्या वरच्याले सर्दी हाये,” ती म्हणाली.

“काय?”

“काही नाही. फेकू नको. आन इकडे.”

मग चिखलीची एक आली. तिची मैत्रीण आली. एका शाळेचे सर स्वतःच तीन धनुष्यं घेऊन आले, अडगळीत पडलेली. महामाया प्रत्येक धनुष्य कानाशी धरी, टिचकी मारी, आणि डॉक्टरच्या थाटात सांगे, “हे वाचते.” “हे बी वाचते.” “हे… हे पाह्यलं पाह्यजे, पन वाचन.” पिंपळगाव राजा, गफ्फार पिंजारी, कोनाले बी विचारा. महिन्याभरात देतो. देतो म्हणजे देतोच!

हिंमतराव सर हे सगळं बाजूला उभे राहून ऐकत होते. “महामाया,” त्यांनी हळूच विचारलं, “चाचाले विचारलं काय?”

“विचारतो ना,” ती म्हणाली. “आधी जमा तं होऊ द्या.”

परतीच्या एसटीत सहा चिरलेली धनुष्यं आणि एक बांधलेलं, अशी मोळी घेऊन ती दारातच अडकली. कंडक्टर म्हणाला, “लढाईवर चालली काय व?” “जाऊन आली,” महामाया म्हणाली, “आता जखमी घेऊन चालली.” सारी गाडी हसली. ती पाचवी आली आहे हे त्या गाडीत कोणाला खरं वाटलं नसतं.

घरी पोचली तेव्हा उन्हं कलली होती. शंकरराव आणि सिंधूताई नुकतेच वावरातून आले होते. आई पाय धूत होती. बाबांनी सकाळीच पेढ्यांचा पुडा आणून कोनाड्यात ठेवला होता, आणि तिच्या तोंडाकडे पाहताच त्यांना नंबर कळला. तरी त्यांनी पुडा सोडला. “पाचवी बी काही कमी नाही. हे घे,” म्हणाले. मग त्यांची नजर मोळीवर गेली. “अन् हे काय आनलं? चुलीले?”

“चुलीले नाही!” महामायानं मोळी छातीशी धरली. मग तोंडात पेढा असतानाच, गिळायचीसुद्धा वाट न पाहता, ती सरळ उभी राहिली. हजेरीला कधी निघाला नाही तो, पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा आवाज काढून म्हणाली, “बाबा, आई, ऐका. मी ठरवलं हाये. दर शनिवारी शाळा सुटली की मी वेचनीले येनार नाही. पऱ्हाटीची झाडं उपटाले बी नाही. चाचाच्या घरी बसनार. तात भिजवाची कशी, वेढा कसा आवळाचा, कोनतं पातं काय बोलते, सगळं शिकनार. गावातलं पिंजन बंद झालं तरी धनुष्य बांधनं बंद होऊ देनार नाही. बान मारनं मी सोडत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा जातो अन् चौघीत येतो. पन मी धनुष्य बांधनारी होनार. पक्की. चाचाले सांगाले मी आत्ताच चालली, तुम्ही दोघं बी चला.”